गाळलेलं पान

मटारचे ठेले पुन्हा आले आहेत. मार्गशीर्ष लागला की जबलपूरच्या रस्त्यांवर दुसरं काही दिसत नाही. भाजीबाजारात, रेल्वे फाटकाशी, शाळेच्या भिंतीला लागून, जिथे म्हणून ठेला उभा राहू शकतो तिथे हिरव्या शेंगांचा ढीग असतो आणि ढिगामागे कानटोपी घातलेला एक माणूस कंटाळलेल्या आवाजात 'मीठे मटर' असं सांगत असतो. मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात दोन किलो घेऊन येतो. सून दरवर्षी म्हणते, "बाबा, सोललेले मिळतात ना आता पॅकेटमध्ये. काहून तकलीफ करून राहिले?" मीही दरवर्षी म्हणतो की मीच सोलीन. मग अंगणात उन्हाकडे पाठ करून बसतो, मांडीवर परात घेतो, आणि तिसऱ्या-चौथ्या शेंगेपाशी मला एकाहत्तरचा हिवाळा आठवू लागतो.

मी कादंबरीकार आहे, म्हणजे तसं छापून येतं. रेल्वेच्या ऑफिसात चौतीस वर्षं फायली पुढे सरकवल्या आणि सकाळी साडेपाच ते आठ या वेळात सात कादंबऱ्या लिहिल्या. परवा नागपूरहून एका मुलीचा फोन आला. ती माझ्यावर प्रबंध लिहिते आहे. वय झालं की हे संकट येतंच. तिने विचारलं, "सर, तुमच्या लेखनावर कुणाचे संस्कार झाले?" मी मराठीतली चार थोर नावं सांगितली. ती खूश झाली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण सवयीने खोटं बोललो. माझं लिहिणं घडवलं ते दोन माणसांनी. एक चेरीतालला राहणाऱ्या शिक्षिका, शकुताई. दुसरा रांझीकडच्या फॅक्टरीत तपासनीस असलेला दिगंबर. शकुताईंच्या नावावर कथांची दोन पुस्तकं आहेत, दिगंबरच्या नावावर एक कादंबरी. तिन्ही आज दुकानात मिळत नाहीत. शकुताई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, आणि दिगंबर गेल्यानंतरचा हा तिसरा हिवाळा.

जबलपुरात बसून मराठी लिहिणं हा एक विचित्र उद्योग आहे. उंबरठ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ओवाळताना मराठी, भांडताना हिंदी. प्रकाशक सगळे पुण्या-मुंबईकडे. हस्तलिखित रजिस्टर पोस्टाने जायचं आणि पाच-सहा महिन्यांनी परत यायचं. कधीकधी सुतळीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी असायची, म्हणजे कुणी सोडूनसुद्धा पाहिलं नाही हे समजायचं. अशा गावात आपण लिहिलेलं बरं आहे की वाईट हे सांगणार कोण? आम्ही तिघंच होतो. लेखक आम्हीच, वाचक आम्हीच, टीकाकार आम्हीच, आणि संमेलन भरवायचं तर तेही शकुताईंच्या पुढच्या खोलीत.

रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जमायचो. शकुताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. विद्यार्थिनी त्यांना दीदी म्हणत आणि त्यांच्यापुढे चळाचळा कापत. सुरुवातीला ज्याचं त्याने वाचायचं असा रिवाज होता. मी तेव्हा गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं करायचो, आवाज कमावलेला होता. मी वाचलं की सगळं छानच वाटायचं. दिगंबर रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसा वाचायचा. एकदा माझं प्रकरण वाचून झाल्यावर शकुताईंनी कागद मागून घेतले, दोन पानं स्वतः डोळ्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "मधू, इथं तर काहीच नाही रे. तुझा आवाजच तुझी वकिली करून राहिला."

त्या दिवसापासून नियम झाला. आपलं आपण वाचायचं नाही. कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचे, त्याने ते आधी पाहिलेले नसावेत, आणि वाचन संपेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. हिवाळ्यात याला एक पोटनियम जोडला गेला. गप्प बसलेल्या लेखकाचे हात फार चुळबुळ करतात, म्हणून शकुताई त्याच्यापुढे मटारची परात ठेवत. त्या मटारचा त्या निमोना करत. शेजारच्या मिश्राइनबाईंकडून शिकलेली ती वाटल्या मटारची झणझणीत आमटी भातावर घेऊन मग वाचलेल्याची चिरफाड व्हायची.

दुसऱ्याच्या तोंडून आपलं लिखाण ऐकणं ही भयंकर गोष्ट आहे. वाचणारा जिथे अडखळतो तिथे वाक्य वाईट असतं. त्याचा आवाज जिथे नकळत खाली येतो तिथे काहीतरी जमलेलं असतं. पुढे मी कितीतरी परिसंवादांना बसलो, हार घेतले, श्रीफळं घेतली, पण इतकं कुठे शिकलो नाही. सोनाराने कान टोचावेत, असं शकुताई म्हणत. आमचा सगळा नियम वाचणाऱ्याच्या इमानावर उभा होता, आणि त्याच्यासाठी वेगळा नियम करावा हे कुणालाच सुचलं नाही.

त्या हिवाळ्यात लढाई आली. सरहद्द आमच्यापासून फार दूर, पण गाव दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांचं, त्यामुळे भीती घरापर्यंत आलेली. खिडक्यांच्या काचांना काळा कागद, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग, संध्याकाळी भोंगा. ट्रंकांतून काढलेल्या गरम कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास, गल्लीभर दगडी कोळशाचा धूर, आणि प्रत्येक घरात रेडिओभोवती माणसं. शकुताईंच्या शाळेच्या मैदानावर खंदक खणले होते आणि मधल्या सुट्टीत मुली त्यांत लपाछपी खेळत. शकुताईंच्या हातात सतत जवानांसाठी विणायला घेतलेले लोकरीचे मोजे असत. वाचन चालू असतानाही त्या ओठांतल्या ओठांत टाके मोजत राहत.

दिगंबरला बारा-बारा तासांची पाळी लागली होती. तीन रविवारांत एखादा मोकळा मिळायचा. तो रांझीहून बसने यायचा, बस नसली तर सायकलने, आणि अंधार पडायच्या आत परत निघायचा. डोळे लालभडक, दाढी वाढलेली, पण पिशवीत कागद असायचेच. ते तो लिहायचा कधी, हे मला बरेच दिवस कोडं होतं. फॅक्टरीच्या गेटवर झडती व्हायची. लिहिलेला कागद आत न्यायचा नाही, आत लिहिलेलं बाहेर आणायचं नाही. म्हणून हा गृहस्थ आत हात चालवता चालवता मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा. एका पाळीत चार, फार तर पाच. ती दिवसभर घोळवायची, घासायची. पाळी सुटली की गेटपासून थोडं पुढे पुलाच्या कठड्याला सायकल टेकवायची आणि गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीने ती उतरवायची. जे तोवर लक्षात राहिलं नाही ते लिहायच्या लायकीचं नव्हतंच, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या लिखाणात फालतू शब्द सापडत नसे. दुसरी प्रत तो कधी काढत नसे, तेवढा वेळच नव्हता. आणि मला मात्र घरी टेबल होतं, खुर्चीवर उशी होती, शाईच्या दोन बाटल्या होत्या, बायको वेळेवर चहा आणून देत होती.

मीही तेव्हा फॅक्टरीवरच कादंबरी लिहीत होतो. तीन वर्षं लिहीत होतो आणि फॅक्टरीच्या आत मी कधी पायसुद्धा ठेवलेला नव्हता. दिगंबरला खोदून खोदून विचारायचो. आतलं सांगायचं नाही म्हणजे नाही, तो हसून टाळायचा. "मधू, तू रेल्वेवर लिही ना," तो म्हणायचा. "घरची गाय सोडून दुसऱ्याच्या गोठ्यात काहून शिरून राहिला?" मी हसायचो आणि मनातून मला राग यायचा. गंमत म्हणजे तो स्वतः जे लिहीत होता त्यातही आतलं काही नव्हतं. रांझीच्या क्वार्टरांतलं होतं. पहाटेचा नळ, पाळी बदलायच्या वेळी सायकलींची गर्दी, रात्रपाळीचा नवरा दिवसा झोपलेला असताना पोरांना गप्प करणाऱ्या बायका. मी तोफांचे आवाज आणि देशभक्तीची भाषणं रचत बसलो होतो, आणि वाचन झाल्यावर शकुताई निमोना वाढता वाढता फक्त "ठीक आहे" म्हणायच्या. त्यांच्या 'ठीक आहे'ला मी घाबरायचो.

हे सगळं आज इतक्या शांतपणे आठवतं की मलाच नवल वाटतं. वयाचा एक फायदा असा की आपल्या तरुणपणाकडे दूरच्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहता येतं. थोडा लळा असतो, थोडी लाज असते, जबाबदारी नसते. निदान नसावी, असं मी स्वतःला सांगतो.

तो रविवार लढाईच्या ऐन दिवसांतला. सकाळीच भोंगा होऊन गेला होता आणि गल्लीतले लोक जरा बिचकलेले होते. दिगंबरला सुट्टी मिळाली होती. त्याच्या कादंबरीच्या अकराव्या प्रकरणाची पाळी होती आणि वाचणारा मी होतो. शकुताई खिडकीशी मोज्यांचं विणकाम घेऊन, दिगंबर जमिनीवर परात घेऊन, मधे शेगडीवर चहाचं आधण. कागद सुटे होते, त्यांवर आकडे घातलेले नव्हते. सहा पानं वाचून झाली आणि मी पाण्याचा पेला उचलला. पाणी पिता पिता सातव्या पानावर नजर गेली, आणि पेला रिकामा होईपर्यंत ते वाचून झालं होतं.

बारूद भरायच्या विभागात काम करणारा एक माणूस बारा तासांची पाळी करून घरी येतो. त्या कामाने हाताला पिवळा रंग चढतो, तो जात नाही. माणूस नळाखाली राखेने हात घासतो, मग बेसनाने, मग लिंबाच्या फोडीने. तरी पिवळेच. आत त्याची आठ-नऊ महिन्यांची मुलगी नुकतीच रांगायला लागलेली आहे. बापाला बघून ती रांगत येते. तो दोन्ही हात पाठीमागे बांधतो, गुडघ्यांवर बसतो आणि वाकून कपाळ जमिनीला टेकवतो. मुलगी त्याचे केस धरते, कान ओढते, नाकात बोट घालते. बायको कणीक मळते आहे. ती मान वर करत नाही, फक्त दोघांना जागा व्हावी म्हणून परात थोडी बाजूला सरकवते. मुलगी दमून त्याच्या डोक्यावर गाल टेकवून झोपते, आणि तोवर तो माणूस तसाच असतो.

बस, एवढंच. लढाईचा उल्लेख नाही, कुणाची कीव नाही. मी असतो तर पिवळ्या हातांवरून हळद आणली असती, लग्नाचे हात आणले असते, दोन वाक्यांत वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणलं असतं. दिगंबरने काहीच आणलं नव्हतं. मी रिकामा पेला ओठांशी तसाच धरून ते पान पुन्हा एकदा वाचलं. तीन वर्षं मी जी कादंबरी लिहितो आहे तिची आता गरज उरली नाही हे मला समजलं. मला मत्सर वाटला. याला बरा शब्द शोधत बसत नाही, मत्सरच वाटला. मी पेला खाली ठेवला, ते पान गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं आणि आठवं पान वाचायला लागलो. आवाज कमावलेला होता, सांधा कळला नाही.

शकुताई टाके मोजत होत्या. दिगंबरचे हात थांबले. मी मान वर केली नाही, पण शेंग मोडल्याचा आवाज बंद झालेला मला ऐकू येत होता. नियम होता, तो बोलला नाही. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मी प्रकरण शेवटपर्यंत वाचलं.

वाचन संपल्यावर त्याने विचारलं, "मधू, मधलं एक पान राहिलं का?"

मी सांगितलं की राहिलं नाही, मीच सोडलं. दिवस कसे आहेत पाहतोस ना, फॅक्टरीतलं काम, बारूद, हाताचा रंग, उद्या भलत्याच्या नजरेला पडलं तर नोकरी जाईल. हे बोलताना माझा चेहरा गंभीर होता, नाटकातला सराव उपयोगी पडला. शकुताई दचकल्या. "बघू," म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण दिगंबरने कागद आधीच उचलला होता. त्याने पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"अच्छा," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलं."

आणि आधणाचं भांडं किंचित उचलून त्याने ते पान शेगडीत घातलं. कागद जळून काळा झाला तरी त्यावरची पेन्सिलीची अक्षरं क्षणभर चकाकत राहतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझा हात शेगडीपासून वीतभर अंतरावर होता. शकुताईंनी चहा गाळला, तिघांनी घेतला, आणि अंधार व्हायच्या आत दिगंबर सायकल काढून निघून गेला.

लढाई संपली, काळे कागद उतरले, खंदक बुजले. पुढच्या वर्षी दिगंबरची कादंबरी पूर्ण झाली आणि त्यानंतर तीन वर्षांनी छापून आली. एका मासिकात तिच्यावर अर्धा रकाना आला. परीक्षकाला ती नीटस वाटली होती, पण माणसं दुरूनच दिसतात, जवळ येत नाहीत अशी त्याची तक्रार होती. मी तो रकाना दोनदा वाचला आणि मासिक घडी करून ठेवून दिलं. शकुताईंनी एकदा, खूप उशिरा, सहज बोलल्यासारखं म्हटलं की दिगूच्या पुस्तकात अकराव्या प्रकरणात पाऊल चुकतं, जिन्याची एक पायरीच नसावी तसं. मी विषय बदलला.

त्यानंतर दिगंबरने काही लिहिलं नाही. विचारलं की म्हणायचा, पोरं मोठी होऊन राहिली, घर बांधायचं आहे, वेळ कुठे. रविवारी यायचा, माझी आणि शकुताईंची प्रकरणं आपल्या त्या रेशनकार्डाच्या आवाजात वाचायचा, आणि कुठे शब्द जड झाला ते अचूक सांगायचा. मी त्याला लिहायचा फार आग्रह केला नाही. मित्राने लिहायचं थांबवलं की लेखकाला दुःख होतं, आणि त्या दुःखाच्या तळाशी सुटकेचा एक घोट असतो. हे मला इतर लेखकांविषयी ठाऊक नाही, माझ्याविषयी ठाऊक आहे.

आणि त्या पानाचं मी काय केलं? कुणालाही वाटेल की चोरलं असेल. प्रयत्न केला होता. माझी फॅक्टरीची कादंबरी शेवटी छापून आली, गाजलीही, पण त्या आधी तो बाप आणि ती मुलगी तिच्यात बसवायला मी वर्षभर झटलो. कधी हळद यायची, कधी बायको मान वर करून बघायची, कधी मुलगी नेमकी हसायची. दर वेळी खोटं व्हायचं. दिगंबरची वाक्यं तशीच्या तशी उतरवावीत इतकं धैर्य नव्हतं. शेवटी ते सोडून दिलं. म्हणजे ते पान त्याच्या पुस्तकात नाही, माझ्याही पुस्तकात नाही. नाटकातल्या पाठांतराची सवय असलेल्या एका माणसाच्या डोक्यात ते शब्दन् शब्द उरलं, आणि तो माणूस त्याचा लेखक नव्हता.

निवृत्तीनंतर दिगंबर कुंडमला राहायला गेला, मुलगा तिथल्या शाळेत नोकरीला लागला होता म्हणून. शकुताई गेल्या तेव्हा गुडघ्यांमुळे त्याला येता आलं नाही. महिन्याभराने मीच गेलो. चैत्र होता. बस जंगलातून जात होती, झाडांखाली बायका मोहाची फुलं वेचत होत्या, आणि बसभर तो गोड, जड वास भरला होता. मी ठरवून गेलो होतो. शकुताईंना सांगायचं राहून गेलं होतं, आता दुसऱ्यांदा उशीर करायचा नव्हता.

चहा झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. पेला, तळाशी सरकवलेलं पान, लढाईचं खोटं कारण. सांगताना मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता हसायला लागला.

"खोटं होतं ते मला तेव्हाच समजलं होतं," तो म्हणाला. "पिवळे हात तर सगळी रांझी पाहून राहिली होती, मधू. भाजीवाल्याला माहीत होते. त्यात छपवायचं काय होतं?"

मी विचारलं, मग तू ते जाळलंस कशाला?

"पान भिकार असेल म्हणून. शकुताईंसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून तू लढाईचं नाव घेतलं, एवढी अक्कल होती मला. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, मधू भला माणूस आहे. दुसरा कोणी असता तर तोंडावर म्हटलं असतं."

चाळीस वर्षं हा माणूस माझे उपकार मानत होता. मी म्हटलं, दिगू, भिकार नव्हतं रे, उलट होतं. मला तुझा मत्सर वाटला म्हणून मी ते गाळलं. त्याने हात उडवला. आता म्हातारपणी मन राखायची गरज नाही, असं काहीतरी म्हणाला. तेव्हा दुसरा इलाज उरला नाही. मी ते पान म्हणून दाखवलं. नळापासून सुरुवात केली, राख, बेसन, लिंबाची फोड, एकेक वाक्य जसं होतं तसं. आवाज आता थकलेला आहे, त्यात अभिनय राहिलेला नाही, आणि ते बरंच होतं. मुलगी झोपते त्या वाक्याला माझा आवाज आपोआप खाली आला. तो मधे एकदाही बोलला नाही.

संपल्यावर त्याने चष्मा काढला. डोळे पुसले. मग म्हणाला, "फार चांगलं आहे. पण हे माझं नाही."

मी शपथा घातल्या. त्याला हात आठवत होते, पोरगी आठवत होती. पण ते कपाळ टेकवणं, ती परात सरकवणं, हे मधूचं, असं त्याचं ठाम मत. इतकी वर्षं मनात घोळवून घोळवून तूच ते घडवलंस, म्हणाला. क्षणभर मलाही शंका आली. पण माझे सगळे फसलेले प्रयत्न मला पाठ आहेत, ते कुठे फसतात तेही पाठ आहे, आणि या पानात तसं एकही ठिकाण नाही. मी त्याला हेही सांगितलं. एकेकाळी एका वाक्यात मी त्याला पटवलं होतं, आता दुपार गेली तरी पटत नव्हतं. माझी समजूत घालावी तसा तो माझ्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

परतीच्या बसची वेळ झाली. मी चपला घातल्या. तो काठी टेकत फाटकापर्यंत आला, आणि अगदी साधेपणाने, एखादा हिशोबच जुळत नसावा तशा आवाजात मला विचारलं,

"असं लिहिता येत असतं मला, तर मी लिहिणं काहून सोडलं असतं?"